एस५४ इंजिनाचा पुनर्बांधणी संच : सुटे भाग भरवशाचे, माहितीपत्रक मात्र घातक

बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीतील एम३ गाडीचे एस५४ इंजिन स्वतः खोलून पुन्हा बांधू इच्छिणाऱ्यांसाठी बाजारात एक तयार संच मिळतो. सहाही पिस्टनच्या रिंगा, कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यांची) आणि मेन बेअरिंगे, हेड गॅस्केटसह वरपासून खालपर्यंतची सर्व गॅस्केटे, व्हॉल्व्हची स्टेम सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत उतरू न देणारी), क्रँकची, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची, पुढची व मागची ऑइल सील, रॉडचे आणि हेडचे नवे बोल्ट, बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, फिरवून तिची भिंत घासायचा तीन पायांचा होन, बेअरिंगांना लावायच्या पेस्टची एक नळी आणि चार पानांचे माहितीपत्रक एवढे सामान त्यात येते. दोन लाख किलोमीटरच्या पुढे धावलेल्या, ऑइल खाणाऱ्या आणि थंड असताना सुरू करताच खालून खडखडणाऱ्या इंजिनावर मी हा संच वापरला, आणि हे परीक्षण त्या कामावर आधारलेले आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. संचातले भाग चांगले आहेत. परंतु आपण इंजिन आधीच काटेकोरपणे मोजलेले आहे, असे हा संच गृहीत धरतो आणि ही गोष्ट खोक्यावर किंवा माहितीपत्रकात कुठेही सांगत नाही. ज्याची मोजमाप करण्याची तयारी नाही, त्याच्या हाती हेच चांगले भाग पडले तरी इंजिन सुधारेल याची शाश्वती नाही.

हे इंजिन इतके काटेकोर का, ते त्याच्या आकड्यांवरून कळते. ३२४६ घन सेंटिमीटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले हे इंजिन टर्बोशिवाय ३४३ अश्वशक्ती देते आणि ८००० आरपीएमपर्यंत फिरते. बोअरचा व्यास ८७ मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) तब्बल ९१ मि.मी. असल्यामुळे त्या वेगाला पिस्टनची सरासरी गती सेकंदाला २४ मीटरच्या वर जाते. प्रत्येक फेरीत पिस्टन वर थांबतो, खाली थांबतो, आणि ते थांबवण्या-वळवण्याचा सगळा भार कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगवर येतो. या इंजिनाची रॉड बेअरिंगे लवकर झिजतात, ही गोष्ट ते चालवणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. सुरुवातीच्या वर्षांतील गाड्यांसाठी खुद्द कंपनीलाच बेअरिंगे बदलून देण्याची मोहीम घ्यावी लागली होती. दिलाशाची बाब अशी की याचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे आणि त्याच्या बोअरवर साधे होनिंग करता येते. होंडाच्या एस२००० मधील एफ२०सी इंजिनाचे बोअर तंतूंनी मजबूत केलेल्या धातूचे असतात, तर एम३च्या पुढच्या पिढीतील व्ही८ इंजिनाचा ब्लॉक सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा आहे. तिथे असा होन घरी फिरवणे म्हणजे बोअर वाया घालवणेच होय. त्यामुळे अशा संचाची कल्पना एस५४ला शोभते, हे मान्य केले पाहिजे.

संच मागवण्याआधी दोन चाचण्या कराव्यातच, कारण पुष्कळदा पूर्ण संचाची गरजच नसते. पहिली कॉम्प्रेशनची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजण्याची. इंजिन गरम असावे, सर्व प्लग काढलेले असावेत, पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवावे आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, नाहीतर सहा सिलिंडरांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा पडलेला असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून तीच चाचणी पुन्हा करावी. आकडा चढला तर रिंगा गेलेल्या आहेत, जागचा हलला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये शोधावा. दुसरी चाचणी लीकडाउनची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवेचा दाब सोडायचा आणि ती कुठून निसटते ते कान देऊन ऐकायचे. ऑइल भरण्याच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. धुराची वेळही बोलकी असते. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यानंतर पुन्हा दाबताच निळा लोट निघत असेल तर स्टेम सीलवर संशय घ्यावा. जोर लावल्यावर सतत धूर येत असेल तर रिंगांवर. नुसती स्टेम सील गेलेली असताना अख्खे इंजिन उतरवण्याचे कारण नाही.

आता मुख्य भागांकडे येतो. रिंगांचा दर्जा उत्तम आहे. वरची रिंग, दुसरी रिंग आणि तीन तुकड्यांची ऑइल रिंग वेगवेगळ्या पाकिटांत येतात, वरच्या बाजूची खूण स्पष्ट कोरलेली असते आणि कडा स्वच्छ घासलेल्या असतात. दुसऱ्या रिंगेच्या बाबतीत ही खूण फार महत्त्वाची आहे, कारण तिचा चेहरा किंचित उतरता असतो आणि पिस्टन खाली येताना तिने बोअरवरचे ऑइल खरवडून खाली न्यायचे असते. ती उलटी बसली की तेच ऑइल वर ढकलले जाते आणि नव्या रिंगांचे इंजिन जुन्यापेक्षा जास्त ऑइल खाऊ लागते. माहितीपत्रकात या खुणेचे चित्र आहे, एवढे श्रेय त्याला देतो.

मात्र रिंगेच्या दोन टोकांमधील फटीविषयी त्यात एक ओळही नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. रिंग बोअरमध्ये घालून उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलायची आणि टोकांमधील फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची असते. टर्बो नसलेल्या इंजिनाच्या वरच्या रिंगेला बोअरच्या व्यासाच्या हजारात चार भाग एवढी फट असावी, असा जुना आणि सुरक्षित ठोकताळा आहे; ८७ मि.मी.च्या बोअरला ती सुमारे ०.३५ मि.मी. होते. फट यापेक्षा फार कमी असेल तर गरम झाल्यावर टोके एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये रुतते आणि पिस्टनचा तुकडाही उडू शकतो. फट फार जास्त निघाली तर दोष बहुधा रिंगेत नसून झिजून मोठ्या झालेल्या बोअरमध्ये असतो. माझ्या इंजिनात एक वगळता सर्व सिलिंडरांमध्ये फट योग्य आली. त्या एकात ती कमी होती, म्हणून रिंगेचे टोक बारीक कानशीने बाहेरून आत अशा एकाच दिशेने घासून घ्यावे लागले. संचातली रिंग खोक्यातून काढून थेट पिस्टनवर चढवता येत नाही, हे वाक्य माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत हवे होते.

बोअरचेही तसेच. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला जिथे रिंगा क्षणभर थांबून वळतात, तिथे ऑइलचा पापुद्रा सर्वांत पातळ आणि स्फोटाचा दाब सर्वांत जास्त असतो, म्हणून तिथेच झीज सर्वाधिक होते आणि बोअर वर रुंद, खाली अरुंद असा उतरता होतो. शिवाय पिस्टन एका बाजूला रेलत असल्याने तो किंचित लंबगोलही होतो. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. डायल बोअर गेजने वर, मधे, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे असे मोजल्याशिवाय ती कळत नाही. संचात दिलेला तीन पायांचा होन फक्त बोअरवरची चकाकी मोडण्याच्या आणि तिरप्या रेघांची नवी जाळी उमटवण्याच्या कामाचा आहे. तो झीज काढत नाही आणि काढूही शकत नाही, कारण त्याचे पाय स्प्रिंगने दाबलेले असतात आणि ते बोअरच्या वाकड्या आकाराच्याच मागे जातात. माहितीपत्रक मात्र ‘होन फिरवल्याने बोअर मूळ आकारात येतो’ असे बिनदिक्कत म्हणते. हे धडधडीत चूक आहे. बोअर मर्यादेबाहेर झिजलेला असेल तर ब्लॉक मशीन शॉपमध्ये नेऊन मोठ्या मापाला बोअर करून घेणे आणि त्या मापाचे पिस्टन आणणे, एवढाच मार्ग उरतो, आणि तेव्हा या संचातल्या रिंगांचा काहीही उपयोग होत नाही. होनचे दगडही मला सामान्य वाटले. अशा कामाला, लवचीक तारांच्या टोकाला गोळे असलेला होन अधिक चांगली जाळी देतो, आणि मी शेवटी तोच वापरला.

होनिंगनंतरची धुलाई हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. दगडाची बारीक भुकटी नव्या रेघांमध्ये रुतून बसते. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसली तर ती आणखी खोल जाते. गरम पाणी, भरपूर साबण आणि ताठ ब्रश हाच उपाय. धुऊन झाल्यावर ऑइलमध्ये भिजवलेले पांढरे फडके बोअरमध्ये फिरवायचे. ते करडे निघत असेल तर पुन्हा धुवायचे, आणि पांढरे निघेपर्यंत हे चालू ठेवायचे. मग लगेच ऑइल लावायचे, कारण ओल्या ओतीव लोखंडावर बघता बघता गंज चढतो. याच कारणासाठी रिंगांचे काम इंजिन गाडीतच ठेवून करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तसे करता येते आणि लोक करतात. पण खाली क्रँक बसलेला असताना बोअर इतका धुता येत नाही, आणि उरलेली भुकटी थेट नव्या बेअरिंगांत जाते.

बेअरिंगांविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण एस५४चे आयुष्य त्यांच्यावरच टिकून आहे. संचातील कवचे (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) एका नामांकित उत्पादकाची आहेत, त्यांची जाडी मायक्रोमीटरने मोजली असता सर्वत्र सारखी आढळली आणि पाठीवर कुठेही खरचटलेले नव्हते. परंतु ती फक्त मूळ मापात येतात. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगांत फिरणारे त्याचे गोल भाग, झिजलेले किंवा चरे पडलेले असतील, तर क्रँक ग्राइंड करून तेवढ्या जाड मापाची कवचे लागतात, आणि संच घेणाऱ्याला हे इंजिन खोलल्यावरच कळते. विक्रेत्याने माप निवडण्याची सोय ठेवायला हवी होती.

जुनी कवचे काढल्यावर ती सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावीत, कारण ती इंजिनाचा इतिहास सांगतात. माझ्या इंजिनातील वरच्या कवचांचा राखाडी थर मधोमध उडून खालचा तांबूस थर उघडा पडला होता, तर खालची कवचे बरीच चांगली होती. स्फोटाचा जोर रॉडकडील वरच्या कवचावर येत असल्यामुळे हे अपेक्षितच होते. झीज कवचाच्या एकाच कडेला दिसली असती तर रॉड वाकलेला असल्याची शंका घ्यावी लागली असती. सगळीकडे बारीक चरे दिसले असते तर ऑइलमध्ये कचरा गेल्याची. क्रँकचे जर्नल बोटाच्या नखाने तपासावेत. नख अडकेल असा चरा असेल तर पॉलिशने भागत नाही.

नवी कवचे बसवल्यावर ऑइलसाठी किती जागा उरते, हे मोजण्याचे साधन संचात नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा या कामासाठी मिळतो. कोरड्या जर्नलवर त्याचा तुकडा ठेवायचा, कॅप (बेअरिंगचा दुसरा अर्धा भाग धरणारे झाकण) पूर्ण टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराला, आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, आणि पुन्हा खोलून चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचा. व्यासाच्या हजारात एक भाग हा सर्वसाधारण ठोकताळा असून ५० मि.मी.च्या जर्नलला तो ०.०५ मि.मी. येतो, अखेरचा शब्द अर्थात कारखान्याच्या दुरुस्ती पुस्तिकेचा. जागा कमी असेल तर पापुद्रा तयार होत नाही, जास्त असेल तर ऑइलचा दाब पडतो. हा धागा इतका स्वस्त आणि इतका आवश्यक आहे की तो न देण्याचे कोणतेही समर्थन मला सुचत नाही. धागा मोजण्यासाठी मी जुने बोल्ट वापरले आणि नवे बोल्ट अखेरच्या आवळणीसाठी राखून ठेवले, कारण हे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि एकदाच वापरायचे असतात. त्यांना आधी ठरावीक टॉर्क आणि मग अंशांत मोजलेला कोन द्यावा लागतो. तेव्हा टॉर्क रेंचसोबत कोन मोजणारी तबकडीही हाताशी असावी. अंदाजाने दिलेला कोन इथे चालत नाही. रॉड आणि त्याची कॅप ही जोडी कधीही मोडू नये, म्हणून खोलतानाच प्रत्येकीवर सिलिंडरचा क्रमांक घालावा.

गॅस्केटांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. हेड गॅस्केट पोलादी थरांचे आहे, इतर सर्व नीट बसली, एकही कमी निघाले नाही. हेडचा पृष्ठभाग सरळपट्टी लावून तपासल्याशिवाय कोणतेच गॅस्केट धरणार नाही, आणि हेड घासून घ्यावे लागले तर त्याच मापाने जाड गॅस्केट घ्यावे लागते, एवढे लक्षात ठेवावे.

माहितीपत्रकातील सर्वांत घातक वाक्य क्रँकच्या मागच्या सीलविषयी आहे. सीलच्या ओठाला बसवण्यापूर्वी ऑइल लावावे, असे त्यात म्हटले आहे. जुन्या रबरी सीलला हे योग्य होते. या संचातील सील पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) आहे, आणि तसे सील पूर्ण कोरडे बसवावे लागते, कारण कोरड्या ओठाचा बारीक थर क्रँकवर उतरला तरच ते ऑइल धरते. तेल लावून बसवलेले असे सील गळते, आणि ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. सोबत आलेल्या प्लास्टिकच्या कड्यावरून ते सरकवून बसवावे आणि ओठाला बोट लावू नये. मी उत्पादकाला या चुकीबद्दल लिहिले. उत्तर सौजन्याचे आले, पण माहितीपत्रक बदलण्याविषयी त्यात काही नव्हते.

या इंजिनाचा दुसरा नाजूक अवयव म्हणजे व्हॅनोस, आणि त्यासंबंधी या संचात काहीही नाही. कॅमशाफ्टचे टायमिंग बदलणारी ही यंत्रणा सुमारे ११५ बार दाबाच्या ऑइलवर चालते. तिच्या छोट्या पंपाला फिरवणारे एक्झॉस्ट बाजूच्या हबवरील दोन दांडे तुटून खाली पडणे हा तिचा सर्वपरिचित आजार आहे. पडलेला तुकडा टायमिंग चेनमध्ये अडकला तर सगळी मेहनत मातीमोल होते. इंजिन खोललेले असताना हब, त्याचे बोल्ट, व्हॅनोसची सील आणि चेनच्या पट्ट्या तपासणे हे काम वेगळे समजूच नये. ‘संपूर्ण’ या शब्दाला जागायचे असेल, तर निदान व्हॅनोसची सील तरी संचात असायला हवी होती. व्हॉल्व्हच्या क्लिअरन्सचे शिमही (मोकळी जागा नेमकी करणाऱ्या पातळ चकत्या) स्वतंत्रपणे घ्यावे लागतात, पण तिथे विक्रेत्याला दोष देता येणार नाही, कारण कोणत्या जाडीचे शिम लागतील हे मोजल्यावरच कळते. थंड इंजिनावर इनटेकला ०.१८ ते ०.२३ आणि एक्झॉस्टला ०.२८ ते ०.३३ मि.मी. एवढी जागा ठेवायची असते.

नळीतली पेस्ट चिकट आणि टिकाऊ आहे. इंजिन काही काळ न फिरवता ठेवले तरी बेअरिंगवरून ओघळत नाही. सुरू करण्यापूर्वी प्लग काढून आणि इग्निशन बंद ठेवून, ऑइलचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवावा. ऑइल पॅनच्या सांध्यांना सिलिकॉन लावताना हात आखडता घ्यावा, कारण आत पिळून निघालेला तुकडा थेट ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. पहिल्या सुरुवातीनंतर इंजिन तासन्‌तास आयडलवर ठेवण्याचा माहितीपत्रकातला सल्लाही मी मानला नाही. रिंगा बोअरवर बसतात त्या त्यांच्यामागे शिरणाऱ्या वायूच्या दाबाने, आणि आयडलवर तो दाब फारच कमी असतो. म्हणून इंजिन गरम होताच मध्यम भाराखाली आरपीएम चढवत आणि मग ॲक्सिलरेटर सोडून उतरवत गाडी चालवावी, लाल रेषेपासून दूर राहावे, आणि पहिले ऑइल व फिल्टर लवकर बदलून फिल्टर कापून पाहावा. माझ्या फिल्टरच्या घड्यांमध्ये सुरुवातीची बारीक राखाडी धूळ होती, तांबूस कण नव्हते.

आता या इंजिनाला थंड असताना आवाज येत नाही, सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकमेकांच्या अगदी जवळ आले आहे, आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल वर भरावे लागत नाही. त्यामुळे भागांच्या दर्जाला मी पाचपैकी साडेचार, संचाच्या पूर्णतेला तीन आणि माहितीपत्रकाला एक गुण देतो. मायक्रोमीटर, डायल बोअर गेज आणि टॉर्क रेंच ज्याच्याकडे आहेत किंवा ज्याला ते उसने मिळू शकतात, आणि ज्याच्याजवळ कारखान्याची दुरुस्ती पुस्तिका आहे, त्याने हा संच जरूर घ्यावा. पण तो इंजिन खोलून, क्रँक आणि बोअर मोजून झाल्यावर मागवावा, आधी नव्हे. ज्याच्या इंजिनाचे बोअर शाबूत आहेत आणि फक्त रॉड बेअरिंगांची काळजी आहे, त्याने या संचाच्या वाटेला न जाता बेअरिंगे, बोल्ट आणि पॅनचे गॅस्केट एवढेच सुटे घ्यावे. ते काम इंजिनाला वरून आधार देऊन आणि पुढचा सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) खाली उतरवून गाडीखालूनच होते.